उचलता येईल, उतरवताही येईल एवढेच ओझे

संवत्सरीच्या संध्याकाळी पुण्यातील स्थानके आणि उपाश्रय भरून जातात. गुरुवार पेठ असो, मुकुंदनगर असो की बिबवेवाडी, व्यापारी त्या दिवशी दुकान बंद ठेवून, आसन आणि मुहपत्ती घेऊन प्रतिक्रमणाला बसतात. श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार एकामागून एक उच्चारले जातात. पहिल्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. हे पाच शब्द म्हणायला काही क्षणच लागतात. मग मिच्छामि दुक्कडं होते आणि पाठ पुढच्या व्रताकडे सरकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डातील गाळ्यांचे शटर वर जातात आणि वर्ष पूर्वीसारखेच सुरू होते.

या पाच शब्दांतील चौथ्या आणि पाचव्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. अतिभार म्हणजे कुवतीपेक्षा अधिक ओझे लादणे. भक्तपानविच्छेद म्हणजे आपल्या आश्रयाला असलेल्याच्या अन्नपाण्यात खंड पाडणे. दिगंबर परंपरेत हेच दोन अतिचार अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध या नावांनी येतात. शब्द बैलगाडीच्या काळातील आहेत, म्हणून ते केवळ जनावरांसाठी असावेत असा समज होतो. परंतु श्रावकाचारावरील जुन्या टीकाकारांनी यात चतुष्पादांबरोबर द्विपादांनाही, म्हणजे माणसांनाही, धरले आहे. त्यांनी माणसाच्या ओझ्याचे मापही सांगून ठेवले आहे: जे ओझे तो स्वतः उचलू शकेल आणि स्वतः खाली उतरवू शकेल, तेवढेच त्याच्यावर द्यावे. जनावराला तर उचित भारापेक्षा थोडे कमीच द्यावे आणि चाऱ्याच्या वेळी त्याला जोखडातून मोकळे करावे.

उचलण्याची अट कोणालाही सुचेल. उतरवण्याची अट मात्र फार विचारांती घातलेली आहे. उचललेले ओझे ज्याला आपल्या इच्छेने खाली ठेवता येत नाही, त्याचा भार वजनाने हलका असला तरी तो अतिभारच होय. पेढीवरचे आणि घरातले संबंध कशाने बिघडतात याचा शोध घेताना ही एक अट पुष्कळ दूरवर साथ देते.

अतिभार या शब्दाचा अगदी शब्दशः अर्थ पुण्याच्या व्यापारी पेठांनी पाहिलेला आहे. नाना पेठ आणि भवानी पेठ हा शहराचा जुना भुसार बाजार. पुढे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. या बाजारातील धान्य, गूळ, साखर, मिरची हे सारे हमालांच्या पाठीवरून फिरले. एके काळी धान्याचे पोते सुमारे १०० किलोचे असे. ते पाठीवर घेऊन गाडीच्या फळीवरून चढायचे, उतरायचे आणि गोदामात थप्पी लावायची, हा दिवसभराचा क्रम. काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी काही नाही. आजारपण, अपघात आणि म्हातारपण यांचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता.

वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली या कष्टकऱ्यांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. सुरुवातीच्या काळात व्यापारी आणि हमाल यांचे संबंध ताणलेले होते. संप झाले, मोर्चे निघाले. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे न्याय्य वाटत होते. व्यापाऱ्याला वाटे, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असताना संघटना मध्ये कशासाठी? अडीअडचणीला उचल देतो, लग्नकार्याला मदत करतो, सणाला कपडे करतो. हमालाला वाटे, ही सगळी शेठजींच्या मर्जीची बाब झाली. मर्जी आहे तोवर ठीक. ती फिरली की दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नाला उत्तर मिळाले ते १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने. त्यामागे मुंबईतील अण्णासाहेब पाटील यांच्या माथाडी चळवळीचाही मोठा वाटा होता. या कायद्याची रचना व्यापाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले. त्या मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात. मजुरी मंडळाकडे जमा होते. तिच्यावर ठरावीक लेव्ही भरली जाते. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा यांची तरतूद होते. पूर्वी जे मर्जीने मिळत असे ते हक्काने मिळू लागले.

पोत्याच्या वजनाचा प्रश्नही असाच टप्प्याटप्प्याने पुढे सरकला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो धरली आहे. हमालांच्या चळवळीने ५० किलोच्या पोत्याचा आग्रह धरला आणि आज बाजारात तेच पोते रुळले आहे. वजन निम्म्यावर आल्याने बाजार बुडाला नाही. टीकाकारांनी कित्येक शतकांपूर्वी सांगितलेले माप व्यवहारात आणायला चळवळ आणि कायदा लागावा, ही गोष्ट रोज प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाला थोडी अस्वस्थ करणारी आहे. ती अस्वस्थता टाळू नये.

पाचव्या अतिचाराचे उत्तरही याच पेठांत सापडते. हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. दिवसभर ओझे वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे, हा त्यामागचा हेतू. तत्त्व एकच: ना नफा, ना तोटा. नेमके हेच तत्त्व व्यापाऱ्यांच्या बाजूनेही पुण्यात उभे राहिलेले दिसते. दि पूना मर्चंट्‌स चेंबरकडून दिवाळीत रास्त भावाने लाडू-चिवडा विकला जातो, तोही ना नफा ना तोटा याच तत्त्वावर. ज्यांच्यात एके काळी संघर्ष झाला, त्या दोन्ही बाजूंना अन्नाच्या बाबतीत एकच शब्दप्रयोग सुचला.

लेव्हीवरून, दरावरून आणि तोलाईवरून वाद आजही होतात. पुढेही होतील. पण वाद करायला एक जागा आहे, नियम आहेत आणि समोर बसणाऱ्याला समान खुर्ची आहे. निरोगी संबंधांत मतभेद होतातच. ते मांडायला अशी जागा असली की झाले. पाठीवरच्या ओझ्याच्या बाबतीत बाजार हे शिकला. डोक्यावरच्या आणि मनावरच्या ओझ्याच्या बाबतीत त्याचे शिकणे अजून बाकी आहे.

पेढीवरचे आजचे ओझे पोत्यात भरलेले नसते. ते फोनमधून येते. रात्री अकरा वाजता शेठजींना उद्याच्या मालाची आठवण होते आणि मुनीमजींच्या फोनवर निरोप जाऊन पडतो. शेठजींचे मन तेवढ्यापुरते हलके होते. मुनीमजींची झोप जड होते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते, हे २०१७ पासून साऱ्यांना ठाऊक आहे. तरीही अनेक ठिकाणी खरेदीची बिले १९ तारखेच्या संध्याकाळी हिशेबनिसाच्या टेबलावर येऊन पडतात. मग तो रात्री उशिरापर्यंत बसतो. त्यात चूक झाली तर सर्वांसमक्ष त्यालाच बोल लावले जातात. पाच अतिचारांच्या यादीत या एका रात्रीत किती अतिचार बसतात, हे ज्याचे त्याने मोजावे. अतिभार आहेच. घरच्या जेवणाला मुकला, म्हणजे भक्तपानविच्छेद झाला. चारचौघांत पाणउतारा झाला, तो छविच्छेदाचाच प्रकार; त्वचेऐवजी अब्रूला जखम झाली एवढेच.

आणखी एक दृश्य अनेक दुकानांत रोज दिसते. शेठजींचा चउविहार असतो. सूर्यास्तापूर्वी जेवण झाले पाहिजे, म्हणून साडेपाचलाच घरून डबा येतो. शेठजी आत जाऊन शांतपणे जेवतात. त्यांचा नियम पाळला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र काउंटरवरचा मुलगा दुपारी दोनला जेवलेला असतो आणि रात्री नऊला शटर खाली येईपर्यंत त्याला चहालाही सवड मिळत नाही. एकाच छताखाली एकाचा व्रतनियम सांभाळला जातो आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या बाबतीत त्याच व्रताचा अतिचार घडतो. यात कोणाच्या मनात दुष्टावा नसतो; लक्ष नसते, इतकेच. जैन आचारात त्या ‘लक्ष नसण्याला’ प्रमाद म्हणतात आणि प्रमादाला लहान दोष मानलेले नाही. उपाय अगदी सोपा आहे: डबा येण्याची वेळ हीच दुकानातल्या साऱ्यांच्या चहा-नाश्त्याची वेळ ठरवावी.

नोकराचे ओझे निदान महिन्याच्या पगारात मोजता येते. मुलाचे येत नाही. व्यापारी घरातला मुलगा शिक्षण संपवून गादीवर बसतो तेव्हा त्याला पगार ठरवून दिला जात नाही. सुट्टी ठरत नाही, कामाची हद्द ठरत नाही. ‘सगळे तुझेच तर आहे’ या एका वाक्यात सर्व प्रश्न मिटवले जातात. त्या वाक्यात माया असते, यात शंका नाही. पण जे सगळे आपलेच आहे त्यातले पाच हजार रुपये पत्नीला बाहेर घेऊन जाण्यासाठी मागायचे तर वडिलांपुढे उभे राहावे लागते, हा अनुभव त्या मायेशी जुळत नाही.

घरोघरी घडणारा संवाद काहीसा असा असतो.

“पप्पा, नवा माल ऑनलाइन टाकून पाहू या का?”

“तीस वर्षे धंदा केला, कोणाला विचारून केला नाही. तू आधी उधारी वसूल करून आण.”

“उधारी तुम्ही दिलेली आहे. ते लोक मला ओळखतही नाहीत.”

“मग ओळख वाढव. आम्ही काय आयती ओळख घेऊन आलो होतो?”

वडिलांचे म्हणणे खोटे नाही. मुलाचेही नाही. अनेकांतवादाचे व्याख्यान ऐकताना दोघेही मान डोलावतात. गादीवर मात्र दोघांच्या हाती एकेकच नय उरतो. वडिलांच्या दृष्टीने प्रश्न सचोटीचा आणि अनुभवाचा असतो, मुलाच्या दृष्टीने विश्वासाचा. येथे स्याद्वादाची एक व्यावहारिक रीत उपयोगी पडते. आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आपण सांगून दाखवावे. ‘तुला असे वाटते ना, की...’ एवढे वाक्य पूर्ण करावे, त्याचा होकार घ्यावा आणि मग आपले बोलावे. अर्धी भांडणे या होकाराच्या आधीच विरघळतात, कारण कित्येकदा आपण ज्याला विरोध करत असतो ते समोरचा म्हणालेलाच नसतो.

याशिवाय ओझे उतरवण्याची सोय हवी. मुलगा पेढीवर आला याचा अर्थ तो आजन्म बांधला गेला असा होऊ नये; पहिला अतिचार बंध हाच आहे. त्याला ठरावीक मानधन असावे, एखादा विभाग पूर्णपणे त्याच्या जबाबदारीवर सोपवावा आणि दोन वर्षांनी ‘हे काम माझे नाही’ असे त्याला वाटले तर ते सांगण्याची मोकळीक घरात असावी. ज्या दारातून बाहेर जाता येते त्याच दारातून माणूस मनापासून आत येतो. दार बंद केले तर तो शरीराने आत राहतो एवढेच.

भावाभावांच्या संबंधांतही हीच गल्लत होते. विश्वास आहे म्हणून लिहून ठेवायचे नाही, असा एक जुना समज आहे. वास्तविक बाजारात विश्वास आहे म्हणूनच वही असते. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्याच्या नवव्या कलमात भागीदारांनी परस्परांशी न्यायाने आणि निष्ठेने वागावे आणि खरा हिशेब द्यावा, असे कर्तव्य सांगितले आहे. बेचाळिसाव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी घरात दुःख असते त्याच दिवशी पेढीच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहतो आणि शोकाच्या दिवसांत, कोणाच्याही तोंडून, नको ते शब्द निघतात. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. बहिणीला न विचारता तिची सही गृहीत धरणे ही केवळ कायद्याची चूक नाही. ते नात्यातले अदत्तादान आहे. सर्वांची प्रकृती ठीक असताना, सर्वजण एकत्र बसून, वाटणीविषयी आणि वारसाविषयी बोलून ठेवणे हे अशुभ नव्हे. ती एकमेकांची घेतलेली काळजी आहे.

घरातील स्त्रीच्या वाट्याचे ओझे बहुधा कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. पर्युषणात घरात कोणाची अठाई असते, कोणाचे एकासणे, कोणाचे बियासणे. प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकासाठी उकळलेले पाणी तयार, शिवाय पारण्याला येणारे पाहुणे. तपाची अनुमोदना तपस्व्याला मिळते. पहाटे चारला उठून ते तप शक्य करणाऱ्या सुनेला तिच्या स्वतःच्या सामायिकाला बसायलाही वेळ उरत नाही. तिच्याकडून हे सारे प्रेमाने होते, असे सांगितले जाते. होतही असेल. मात्र ते ओझे तिला एखाद्या दिवशी खाली ठेवता येते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते प्रेम आहे की अतिभार, हे ठरत नाही.

या संदर्भात दुसऱ्या व्रताचाही एक अतिचार आठवावा: स्वदारमंत्रभेद. पत्नीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट इतरांसमोर उघड करणे. नवी सून एखाद्या रात्री पतीजवळ मन मोकळे करते आणि सकाळी तीच गोष्ट सासूबाईंच्या तोंडून तिला ऐकू येते. पतीने ती भांडण लावण्यासाठी सांगितलेली नसते. ‘तिला असे वाटते’ एवढेच त्याने आईला सांगितलेले असते. पण त्या दिवसापासून ती बोलणे बंद करते. घरात शांतता नांदते आणि सर्वांना वाटते, सारे ठीक झाले. संबंध तुटण्याची सुरुवात अनेकदा या शांततेतच झालेली असते. कौटुंबिक न्यायालयांची व्यवस्था १९८४ च्या कायद्याने झाली. तेथे निवाड्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करण्याची आणि त्यासाठी समुपदेशकाची तरतूद मुद्दाम ठेवलेली आहे. कायद्यालाही आधी बोलणे व्हावे असेच वाटते. ते बोलणे घराच्या उंबऱ्याच्या आत, वेळेवर झाले तर शिवाजीनगरपर्यंत जाण्याची वेळ पुष्कळदा येत नाही.

या सगळ्यावर परंपरेने दिलेला उपाय म्हणजे क्षमापना. अलीकडे तिचे रूप मात्र फार सोपे झाले आहे. एक सुंदर चित्र, त्याखाली ‘जाणते-अजाणतेपणी मन दुखावले असेल तर’ अशा ओळी, आणि एका स्पर्शासरशी पाचशे जणांना निरोप. त्या पाचशेंत ज्याचे मन खरोखर दुखावले आहे तो एकजण असतोच. त्यालाही तेच चित्र मिळते. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थ मागे फिरणे असा आहे. मागे फिरायचे तर जिथे चूक झाली त्या नेमक्या जागेपर्यंत जावे लागते. म्हणून क्षमापनेपूर्वी आलोचना सांगितली आहे, आपल्या दोषाचे नाव घेऊन केलेली. ‘काही चुकले असेल तर’ यात दोषाचे नाव नाही. ‘मुनीमजी, १९ तारखेला बिले उशिरा दिली मी आणि सर्वांसमोर बोललो तुम्हाला, पुढच्या महिन्यापासून १५ तारखेला बिले तुमच्याकडे येतील’ यात दोषाचे नाव आहे आणि पुढची व्यवस्थाही आहे. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला असे म्हणणे जड जाते. ज्या घरांत आणि पेढ्यांवर ते एकदा म्हटले गेले आहे, तेथे लहानांनाही आपली चूक लपवण्याचे कारण उरत नाही. चूक लवकर कळली की नुकसानही कमी होते. हा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा सांगायला नको.

प्रतिक्रमण वर्षातून एकदाच करावे असे शास्त्राने सांगितलेले नाही. ते रोजचे आहे, पाक्षिक आहे, चातुर्मासिक आहे. उधारी वर्षभर साठू दिली तर ती बुडते, हे ओळखूनच जणू ही योजना केलेली आहे. पक्खीच्या दिवशी पेढीवर अर्धा तास आणि घरी अर्धा तास राखून ठेवता येईल. त्या अर्ध्या तासात प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत. या पंधरवड्यात कोणते काम जड गेले? त्यातले काय खाली ठेवायचे आहे? कोणाचे कोणते बोलणे मनात राहिले आहे? विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घ्यावे. लगेच खुलासा देऊ नये. पहिल्या एक-दोन पक्खींना कोणी काही बोलणार नाही. मुनीमजी ‘सगळे ठीक आहे’ म्हणतील, सून हसून विषय बदलेल. तरीही पुढच्या पक्खीला पुन्हा विचारावे. आपण खरोखर ऐकणार आहोत यावर विश्वास बसायला त्यांना थोडा वेळ लागतो.

मार्केट यार्डात आजही सकाळी एक दृश्य पाहायला मिळते. हमाल पोते पाठीवर घेतो तेव्हा दुसरा कोणीतरी न सांगता पुढे होऊन हात लावतो. थप्पीपाशी पोते उतरवतानाही तिथे एक हात असतो. कोणी कोणाचे आभार मानत नाही, कारण पुढचे पोते हात लावणाऱ्याच्या पाठीवर असणार हे दोघांनाही ठाऊक असते. शेजारच्या गाळ्यात गादीवर बसलेल्या पिता-पुत्रांना ते दृश्य रोज दिसते.